आधी वही, मग यंत्र
वारंवार बंद पडून पुन्हा सुरू होणाऱ्या लॅपटॉपविषयी

महिन्याची १९ तारीख, दिवेलागणीची वेळ. लातूरच्या मोंढ्यातील एखाद्या आडत पेढीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. दिवसभर सोयाबीनची आवक चालली होती. हमाल पांगले आहेत, तोलाईच्या चिठ्ठ्या गोळा झाल्या आहेत आणि गादीवर लॅपटॉप मांडून घरातील तरुण मुलगा उद्याच्या जीएसटी विवरणपत्राची जुळवाजुळव करीत आहे. तेवढ्यात पडदा काळा होतो. क्षणभराने कंपनीचे चिन्ह उमटते आणि यंत्र काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते. दहा मिनिटांनी तोच प्रकार. तिसऱ्या खेपेस मुलगा वैतागून म्हणतो, “बाबा, उद्या सकाळी फॉरमॅटच मारून घेतो. सगळं साफ होईल.”

वडिलांचे आयुष्य लाल बासनातील वह्यांवर गेलेले. संगणकातले त्यांना फारसे कळत नाही. तरीही ते नेमका प्रश्न विचारतात, “यंत्र साफ होईल रे, पण वहीचं काय?”

नांदेडच्या नव्या मोंढ्यात काय किंवा लातूरच्या गंजगोलाईत काय, हा प्रसंग आज कोणत्याही पेढीवर घडू शकतो. वही लाकडी पेटीतून निघून यंत्रात गेली. वहीवरची श्रद्धा मात्र तिच्याबरोबर पुरती गेली नाही. यंत्र बिघडले की धावपळ यंत्रासाठी होते आणि वहीची आठवण नंतर येते. वस्तुतः क्रम उलट असला पाहिजे. बिघाड शोधण्याचे काम दुसरे. पहिले काम वही सुखरूप ठेवण्याचे.

पहिले काम : वहीची प्रत

यंत्र पुन्हा सुरू झाले आणि काही मिनिटे तरी चालू राहते आहे, तोवर हिशोबाची प्रत बाहेर काढून घ्यावी. टॅली वापरणाऱ्यांना ‘डेटा’ या पर्यायात ‘बॅकअप’ मिळतो. अन्य प्रणालींतही अशी सोय असतेच. प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम होताच ती यंत्रापासून वेगळी करावी. कायम जोडून ठेवलेली डिस्क ही सुरक्षित प्रत मानता येत नाही. विजेचा झटका किंवा घातक व्हायरस यंत्रात शिरला, तर त्याला जोडलेली डिस्कही त्याच्या तावडीत सापडते.

एक प्रत दुकानात राहील, पण दुसरी दुकानाबाहेर असावी. हे लातूरकरांना वेगळे पटवून देण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात घरे कोसळली, तेव्हा घरांतील कागदही मातीखाली गेले. गोदाकाठच्या नांदेडकरांना पुराचे पाणी ठाऊक आहे. म्हणून एक प्रत राहत्या घरी, एक मुलीकडे किंवा भावाकडे दुसऱ्या गावी, अथवा विश्वासार्ह ऑनलाइन साठ्यात ठेवावी.

हा केवळ शहाणपणाचा सल्ला नाही. केंद्रीय जीएसटी नियमांतील ५७ वा नियम इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील नोंदींची योग्य बॅकअप प्रत राखणे बंधनकारक करतो. अपघाताने वा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या, तर वाजवी काळात त्या पूर्ववत करता आल्या पाहिजेत, अशी त्याची अपेक्षा आहे. कायद्याच्या ३६ व्या कलमानुसार हिशोबाची पुस्तके त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. लॅपटॉपचे आयुष्य पुष्कळदा त्याहून कमी असते. तेव्हा ‘यंत्र गेले, त्याबरोबर हिशोबही गेला’ हे उत्तर अधिकाऱ्यापुढे टिकणारे नाही.

प्रत घेतल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. रोकड मोजल्याशिवाय तिजोरी बंद करू नये, तसे उघडून पाहिल्याशिवाय प्रतीवर विसंबू नये. पुष्कळांचा घोटाळा येथेच होतो. वर्षभर रोज ‘बॅकअप’ घेतलेला असतो आणि गरजेच्या दिवशी कळते, की प्रत रिकाम्या फोल्डरची होती.

आणखी एक गोष्ट याच वेळी करावी. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कवरील माहिती कूटबद्ध करणारी ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ ही सोय आपोआप चालू झालेली असते. चोरीपासून ती संरक्षण देते. परंतु यंत्राचा मुख्य भाग बदलला किंवा काही दुरुस्त्या केल्या, की ती ४८ अंकी किल्ली मागते. किल्ली नसेल तर मालकालाही स्वतःची माहिती मिळत नाही. ही किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जतन झालेली असते. ते खाते ज्या मुलाने किंवा कारकुनाने दुकानात बसून उघडले असेल, त्याला विचारून ती आजच कागदावर उतरवून घ्यावी आणि तो कागद तिजोरीत ठेवावा.

दुसरे काम : बिघाडाची नोंद

संगणक लहरीने बंद पडत नाही. साधारणतः तीन गोष्टींपैकी एक घडलेली असते. एक तर विजेचा पुरवठा क्षणभर तुटतो. किंवा आतील उष्णता मर्यादेपलीकडे जाते आणि यंत्र स्वतःला वाचविण्यासाठी बंद होते. किंवा विंडोजला अशी चूक आढळते, की पुढे चालू राहिल्यास माहिती बिघडेल. म्हणून ते काम थांबवून पुन्हा आरंभ करते. यांतील कोणती गोष्ट घडते, हे एका वेळच्या घटनेवरून कळत नाही. चार-सहा वेळांच्या नोंदींवरून मात्र पुष्कळदा कळते.

जुन्या मुनीमांना हे तंत्र ठाऊक होते. तेरीज जुळली नाही, तर ते सगळी वही पहिल्या पानापासून चाळीत बसत नसत. आधी फरकाची रक्कम निरखून पाहत. फरकाला ९ ने निःशेष भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय. ५४० च्या जागी ४५० लिहिले, की फरक ९० चा येतो. फरक सम असेल, तर त्याच्या निम्मी रक्कम शोधावयाची. १,२५० रुपये जमेऐवजी नावे पडले, की फरक २,५०० चा होतो. चूक कोठे आहे याचा माग चुकीच्या आकारातच असतो. लॅपटॉपलाही हीच रीत लागू पडते.

म्हणून एका साध्या वहीत पाच रकाने आखावेत. दिनांक व वेळ; त्या वेळी कोणते काम चालू होते; चार्जर जोडलेला होता की नाही; यंत्र हाताला किती तापलेले होते; आणि बंद पडताना पडद्यावर काही अक्षरे दिसली का. दोन दिवसांत चित्र स्पष्ट होऊ लागते. दुपारीच बंद पडत असेल तर उष्णता, चार्जर लावल्यावरच पडत असेल तर वीज, ठराविक एकच काम काढल्यावर पडत असेल तर ते सॉफ्टवेअर किंवा डिस्क, आणि कशाचाच मेळ नसेल तर मेमरी, अशी संशयाची पहिली दिशा मिळते.

विंडोज स्वतःही नोंदी ठेवीत असते. शोधाच्या चौकटीत ‘रिलायबिलिटी’ हा इंग्रजी शब्द टंकित केला, की दिवसवार आलेख उघडतो. कोणत्या दिवशी यंत्र कोसळले आणि त्याच सुमारास कोणते नवे सॉफ्टवेअर बसले, हे तेथे शेजारी-शेजारी दिसते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची दुसरी, अधिक तपशीलवार वहीही आहे. तेथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून पुष्कळजण विजेचा दोष सापडला असे समजतात. ही नोंद इतकेच सांगते, की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. उचंत खात्यातील रकमेसारखी ती असते. रक्कम आली हे खरे. कोणाची, हे अद्याप ठरावयाचे आहे.

विंडोजला गंभीर चूक आढळते तेव्हा निळा (अगदी नव्या आवृत्तीत काळा) पडदा येऊन त्यावर चुकीचे सांकेतिक नाव लिहिले जाते. परंतु यंत्र लगेच पुन्हा सुरू होत असल्याने ते वाचता येत नाही. त्यासाठी ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’मधील ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या भागात ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ समोरची खूण काढून टाकावी. मग पडदा थांबून राहतो आणि मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेता येते. दुरुस्तीवाल्याला तोंडी वर्णनापेक्षा हे छायाचित्र दहापट उपयोगी पडते. असा पडदा न येता यंत्र एकदम विझत असेल, तर ती माहितीही मोलाचीच. संशय मग वीज आणि उष्णता यांच्याकडे अधिक झुकतो.

दोन चाचण्या

दोष यंत्राच्या अवयवांत आहे की सॉफ्टवेअरमध्ये, ही विभागणी आधी झाली तर खर्च आणि वेळ दोन्ही वाचतात. यासाठी दोन चाचण्या घरीच करता येतात.

पहिली चाचणी ‘बायोस’ची. यंत्र सुरू होताना ठराविक कळ दाबली, की विंडोज चालू होण्यापूर्वीचा मांडणीचा पडदा उघडतो. तेथे काहीही न बदलता यंत्र अर्धा तास तसेच ठेवावे. या पडद्यावरही ते बंद पडले, तर विंडोज निर्दोष ठरते, कारण ते अद्याप सुरूच झालेले नाही. तेथे टिकले म्हणून अवयव निर्दोष ठरतात असे मात्र नाही. त्या वेळी यंत्रावर कामाचा भार नसतो.

दुसरी चाचणी ‘सेफ मोड’ची. शिफ्ट कळ दाबून धरून ‘रिस्टार्ट’ निवडले, की दुरुस्तीचे पर्याय येतात. त्यांतून सेफ मोडमध्ये जाता येते. येथे विंडोज अत्यावश्यक तेवढ्याच सामग्रीवर चालते. एरवी दहा मिनिटांत कोसळणारे यंत्र येथे तासभर शांत राहिले, तर नुकतेच बसविलेले सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर यांच्यावर संशय घ्यावा. येथेही कोसळले, तर अवयवांची तपासणी करावी. डेलच्या यंत्रात सुरुवातीला एफ १२ आणि एचपीच्या यंत्रात एफ २ दाबल्यास कंपनीची स्वतःची तपासणी उपलब्ध होते. तिच्यात मेमरी, डिस्क व बॅटरी यांचा अहवाल विनामूल्य मिळतो.

गादी, रुई आणि उन्हाळा

मराठवाड्यात उष्णतेचा विचार प्रथम केला पाहिजे. लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत यंत्र ज्या हवेत चालावे तिचे कमाल तापमान बहुधा ३५ अंश सेल्सियस दिलेले असते. एप्रिल-मे महिन्यांत नांदेड-लातूरचा पारा दुपारी चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या छताखालील गोदामात तर त्याहून अधिक. म्हणजे वातानुकूलन नसलेल्या पेढीवर वर्षातील कित्येक दुपारी हे यंत्र त्याच्या निर्मात्याने आखलेल्या मर्यादेबाहेर राबत असते.

त्यात धूळ मिसळते. डाळ मिलमधील तुरीची भुकटी, जिनिंगमधील रुईचे तंतू, हळदीच्या व्यापारातील पिवळी पूड ही सारी पंख्याच्या वाटेने आत ओढली जाते आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या बारीक पात्यांवर नमद्यासारखी बसते. पंखा फिरतो, आवाजही करतो, पण हवा बाहेर येत नाही. आतील प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोहोचला, की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. तेवढ्याने भागले नाही, तर यंत्र तत्क्षणी बंद होते. बंद पडण्याआधी यंत्र मंदावत असेल आणि पंखा घोंघावत असेल, तर कारण बहुतेक हेच.

आणि तिसरी गोष्ट पेढीवरची गादी. बहुतेक लॅपटॉप हवा खालच्या बाजूने घेतात. मऊ गादीवर किंवा मांडीवरील उशीवर ठेवल्यास ती वाट बंद होते. व्यापाऱ्याची गादी सोडण्याचे कारण नाही. मुनीमजींचे जुने बैठे लाकडी मेज माळ्यावरून खाली काढावे आणि यंत्र त्यावर ठेवावे. मागील बाजूस बोटभर उंची दिली तर आणखी उत्तम.

सफाई करताना यंत्र पूर्ण बंद करून चार्जर काढावा. ब्लोअरने थोडी-थोडी हवा मारावी आणि त्या वेळी पंख्याचे पाते बारीक काडीने अडवून धरावे, नाहीतर ते बेफाम फिरून खराब होते. प्रोसेसर व धातूचा भाग यांच्यामधील उष्णतावाहक लेप काही वर्षांनी वाळतो. तो बदलण्याचे काम जाणत्या कारागिराकडे द्यावे.

वीज आणि बॅटरी

चार्जर काढून यंत्र केवळ बॅटरीवर चालवून पाहावे. ३० किंवा ४० टक्के शिल्लक दिसत असता ते एकदम विझले, तर बॅटरी थकली आहे. बॅटरीवर नीट चालते आणि चार्जर लावल्यावरच कोसळते, तर चार्जर, त्याची पिन, भिंतीवरील सॉकेट किंवा अर्थिंग पाहावे. चार्जिंग चालू असता यंत्राच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर अर्थिंग नाही असे समजून आधी वीजतंत्रज्ञाला बोलवावे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत खुपसण्याची सवय जुन्या बाजारपेठांतील दुकानांत फार आहे, ती सोडावी. चार्जर बदलताना व्होल्ट तेवढेच आणि वॅट मूळ चार्जरइतके किंवा अधिक असावेत.

टचपॅड वर उचलला गेला, झाकण नीट मिटेना किंवा तळ फुगलेला दिसला, तर बॅटरी फुगली आहे. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. यंत्र त्वरित बंद करावे, चार्ज करू नये, बॅटरी दाबू वा टोचू नये आणि ती कचऱ्यातही टाकू नये. येथे काटकसर नको.

मेमरी आणि डिस्क

कशाचाच मेळ लागत नसेल, दर वेळी वेगळीच चूक दिसत असेल, तर मेमरी तपासावी. विंडोजमध्ये ‘मेमरी डायग्नोस्टिक’ नावाची तपासणी आहे. ती रात्री लावून झोपता येते. पुष्कळदा मेमरीची पट्टी काढून, संपर्कबिंदू स्वच्छ करून पुन्हा बसविल्याने दोष जातो. काही यंत्रांत मेमरी मुख्य भागावरच जोडलेली असते. तेथे मात्र हा उपाय चालत नाही.

फाइल उघडताना यंत्र अडखळते, नावे विचित्र दिसतात, जुन्या फिरत्या डिस्कमधून टकटक ऐकू येते, ही लक्षणे डिस्कची. अशा वेळी डिस्क दुरुस्त करणाऱ्या आज्ञा देण्यापूर्वी प्रत घेणे अनिवार्य आहे. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तासन्‌तास तपासणी चालविली, तर तिचे उरलेले श्वास तपासणीतच संपतात. टॅलीतील ‘रिपेअर’ वापरावयाचे असल्यासही आधी बिघडलेल्या माहितीची जशीच्या तशी प्रत बाजूला ठेवावी.

अद्ययावत करावे की न करावे?

सॉफ्टवेअरमुळे यंत्रे पुन्हा-पुन्हा बंद पडण्याची दोन प्रकरणे जगभर गाजली आणि त्यांचे धडे परस्परविरुद्ध वाटतात.

ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म पसरला. विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या असंख्य संगणकांच्या पडद्यावर ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि यंत्र बंद होऊन पुन्हा चालू होई. ज्या फटीतून तो शिरत होता, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच दिली होती. वर्म ११ ऑगस्टला दिसला. मधल्या जवळजवळ चार आठवड्यांत ज्यांनी दुरुस्ती बसविली नाही, त्यांनाच फटका बसला.

२१ वर्षांनी उलटे घडले. शुक्रवार, १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने मोठ्या संस्थांच्या संगणकांवर एक अद्ययावत फाइल पाठविली. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ती निघाली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली. तेवढ्या वेळात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली. पैकी असंख्य यंत्रे सुरू होत आणि पुन्हा कोसळत. संरक्षणासाठी ठेवलेल्या सॉफ्टवेअरच्या एका सदोष फाइलने हे केले. पुष्कळ ठिकाणी उपाय हाताने करावा लागला. एकेका यंत्राजवळ जाऊन, ते सेफ मोडमध्ये सुरू करून, ती फाइल पुसावी लागली. ज्यांच्याकडे बिटलॉकरची किल्ली हाताशी नव्हती, त्यांचे काम आणखी खोळंबले. भारतात रिझर्व्ह बँकेने त्या दिवशी केवळ १० बँका व बिगर-बँक वित्त संस्थांत किरकोळ अडथळा आल्याचे सांगितले. विमानतळांवर मात्र कर्मचाऱ्यांना प्रवाशांची बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावी लागली. विमाने त्या कागदावरही उडाली, कारण हाताने काम करण्याची रीत कोणी पुरती विसरले नव्हते.

दोन्ही प्रकरणांचा एकत्र अर्थ असा, की अद्ययावत करणे टाळू नये, पण वेळ निवडून करावे. विवरणपत्राच्या आदल्या दिवशी नवे काही बसवू नये. विंडोजमध्ये अद्ययावतीकरण काही आठवडे थांबविण्याची सोय आहे. ती महिन्याच्या धावपळीत वापरावी आणि २० तारीख उलटल्यावर, प्रत घेऊन, बसवावे. नव्या अद्ययावतीकरणानंतरच दोष सुरू झाला असेल, तर सेफ मोडमधून ते काढून टाकता येते. विंडोज १० च्या नियमित सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्या, हेही जुनी यंत्रे वापरणाऱ्या पेढ्यांनी ध्यानात घ्यावे. आणि चोरटे हिशोब-सॉफ्टवेअर तर यंत्रावर ठेवूच नये. ज्याने त्याचे कुलूप तोडले, त्याने आत आणखी काय ठेवले आहे, हे कोणीही सांगू शकत नाही.

कारागीर आणि भामटा

यंत्र दुरुस्तीला देण्यापूर्वी नोंदवहीचे पान आणि पडद्याचे छायाचित्र सोबत द्यावे. ‘माझ्या लेखी परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे. बँकेचे पासवर्ड यंत्रात साठविलेले असल्यास ते पुसावेत, आणि जीएसटी वा आयकरासाठीची डिजिटल स्वाक्षरीची की काढून घरी ठेवावी. यंत्र अजिबात सुरू होत नसले, तरी डिस्क धडधाकट असेल तर तिच्यातील माहिती बहुधा दुसऱ्या यंत्रातून काढता येते. कूटबद्ध असल्यास ती ४८ अंकी किल्ली लागतेच. म्हणून घाबरून फॉरमॅटला संमती देऊ नये.

भामट्यांचे सावट या बिघाडावरही असते. पडद्यावर अचानक मोठा इशारा येतो, भोंगा वाजतो आणि ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी सूचना झळकते. फोन केला, की पलीकडचा गोड बोलणारा माणूस दूरस्थ नियंत्रणाचे अ‍ॅप बसवून घेतो आणि मग ‘तपासणी’च्या नावाखाली बँक खाते उघडावयास लावतो. खऱ्या चुकीच्या पडद्यावर फोन क्रमांक कधीच नसतो. असा पडदा दिसताच इंटरनेट तोडावे आणि यंत्र बंद करावे. पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे साहाय्य क्रमांकावर आणि आपल्या बँकेस कळवावे. संकोचाने एक रात्र गप्प राहिल्यास पैसे परत मिळण्याची शक्यता झपाट्याने घटते.

पुन्हा पेढीवर

आता त्या १९ तारखेच्या संध्याकाळकडे परत यावे. विवरणपत्र त्या लॅपटॉपमध्ये नसते; ते जीएसटीच्या पोर्टलवर असते आणि कोणत्याही संगणकावरून भरता येते. यंत्रात अडकलेली असते ती वही. तेव्हा यंत्र दोन-चार मिनिटे चालेल तेवढ्यात प्रत काढावी, शेजारच्या पेढीवर किंवा काकांच्या घरी ती दुसऱ्या संगणकावर उघडावी आणि विवरणपत्र वेळेवर भरून टाकावे. उशीर झाला, तर कर देय असलेल्या ‘३ बी’ विवरणपत्रास रोज ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर दरसाल १८ टक्के व्याज पडते. यंत्राचा तपास २१ तारखेला शांतपणे करता येतो.

वर्षातून दोन दिवस या कामासाठी ठरवून ठेवणे सोयीचे. गुढीपाडव्याला, ऊन तापण्यापूर्वी, यंत्राचा पंखा साफ करून घ्यावा. आणि दिवाळीत वहीपूजनाच्या पाटावर आता लॅपटॉपही मांडला जातो. त्याच्यावर कुंकवाचे बोट उमटण्याआधी हिशोबाची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून, अखेरची बाकी जुळते का, हे घरातील दोघांनी मिळून पाहावे. दोघांनी अशासाठी, की वही कोठे आहे आणि ती कशी उघडावयाची, हे पेढीतील एकाच माणसाला ठाऊक असणे हाही एक बिघाडच होय.